पाच अक्षरांचा डाव

लक्ष्मणराव बिराजदारांना कुणाचं काही खपवून घेता येत नसे. लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा सहज म्हणाला, की आमच्या गावाहून हैदराबाद तीन तासांत येतं, तर त्याचा घास हातातच राहायचा. कुठल्या गाडीनं येता? ती कुठं कुठं थांबते? मग तीन तासांत कशी येईल? हैदराबादेतल्या सुलतान बाजारात एकदा त्यांनी दुकानदाराला कापड पुन्हा मोजायला लावलं. ते जास्त भरलं. मग जास्तीचं कापून परत घेतल्याशिवाय लक्ष्मणराव गादीवरून उठेनात. तेव्हापासून त्यांच्या पत्नी मालनबाई कापड आणायला एकट्याच जाऊ लागल्या.

स्वभाव मूळचा होताच, नोकरीनं तो पक्का केला. वडील उदगीरकडची शेती भावांवर सोडून हैदराबादेत आले आणि मलकपेठेत राहिले. लक्ष्मणराव तिथंच वाढले, आणि पुढं दिवाणी न्यायालयात पेशकार झाले. पेशकार म्हणजे न्यायाधीशांपुढं कागद मांडणारा कारकून. समोरचा कितीही गळा काढून बोलो, आधी कागद दाखवा, मग बोला. सगळी हयात त्यांनी हेच म्हणण्यात घालवली.

त्यांची धास्ती एकच, इंग्रजीची. शाळा मराठी, गल्ली उर्दू, बाजार तेलुगू आणि निकालपत्रं मात्र इंग्रजीत. रोज कुठला तरी शब्द अडायचा आणि कुणाला विचारायची लाज वाटायची. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जायला लागतात, हे डिक्शनरी वाचायला लागले. पहिल्या पानापासून, रोज थोडी थोडी, चष्मा कपाळावर आणि पुस्तक नाकाशी. मालनबाई म्हणायच्या, "आता कोणती परीक्षा द्यायलाव तुम्ही?" ते पान उलटत.

सुलतान बाजारात एका जुन्या मराठी मंडळाचं वाचनालय आहे. पहिल्या मजल्यावर लांबट खोली, खाली कापडवाल्यांचा आरडाओरडा, वर पुण्याची वर्तमानपत्रं, तीही शिळी. तिथं दर शुक्रवारी दुपारी लक्ष्मणराव जाऊन बसत. आणि तिथंच त्यांना प्रमोद कानिटकर भेटले.

कानिटकर पुण्याचे, कारखान्यात इंजिनिअर होते. पत्नी गेल्यावर मुलानं, कौस्तुभनं, त्यांना सिकंदराबादेत आपल्या घरी आणलं. कौस्तुभ सॉफ्टवेअरमध्ये, सून श्रुती बँकेत. दिवसभर घर रिकामं. म्हणून कानिटकर मेट्रोत बसून मराठी बोलणारं माणूस शोधत इथवर आले, आणि मिळालं ते हे.

पहिल्याच दिवशी वाद झाला. कशावरून ते पुढं दोघांनाही आठवेना, पण वाद चांगला झाला असणार, कारण पुढच्या शुक्रवारी दोघंही वेळेआधी हजर होते.

मंडळाच्या कपाटात इंग्रजी अक्षरांच्या लाकडी चकत्यांची एक पिशवी होती. पट कधीच हरवला होता. कानिटकरांनी त्यातून एक खेळ काढला. पिशवीत हात घालायचा, दोन अक्षरं काढायची. समजा आर आणि टी निघाली, तर ती दोन्ही ज्यात आहेत असा पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द टेबलावर मांडायचा. एकानं 'ट्रेन', दुसऱ्यानं 'वॉटर', पुन्हा पहिल्यानं 'पार्टी'. चार नाही, सहा नाही, पाचच अक्षरं. ज्याला पुढचा शब्द सुचणार नाही तो हरला. समोरच्याच्या शब्दाचा संशय आला, तर "दाखवा" म्हणायचं.

हा "दाखवा" लक्ष्मणरावांचा. त्याचा नियमही त्यांनीच घातला. ज्याचा शब्द, त्यानंच डिक्शनरी उघडायची, शोधायचा आणि शब्दाखाली बोट ठेवायचं. दुसऱ्यानं पुस्तकाला हात लावायचा नाही. सापडला नाही, तर आपली अक्षरं आपल्या हातानं उचलायची. आणि समोरचा "दाखवा" म्हणालाच नाही, तर शब्द खोटा असला तरी टेबलावर राहिला.

कानिटकरांना हा नियम फार आवडला, कारण ते पट्टीचे थापाडे होते. एकदा डी आणि एन निघाल्यावर त्यांनी 'डोनॅप' असा शब्द मांडला. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "स्कॉटलंडातले मेंढपाळ पावसात डोक्यावर जे कातडं घेतात ना, ते."

"दाखवा," लक्ष्मणराव म्हणाले.

कानिटकरांनी डिक्शनरी ओढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली. "अरेच्चा, या आवृत्तीतून काढला वाटतं," म्हणाले आणि इतके हसले, की पलीकडे वर्तमानपत्र वाचणारे उठून दुसऱ्या बाकावर गेले.

मग लक्ष्मणराव कशावरच विश्वास ठेवेनासे झाले. कानिटकरांनी 'वॉटर' मांडला तरी म्हणायचे, "दाखवा."

"अहो, वॉटर म्हणजे पाणी! तेही दाखवू?"

"हौ. काय की बाबा, या आवृत्तीतून काढला असंल तर?"

वर्षानुवर्षं हे असं चाललं. लक्ष्मणरावांना आयुष्यात मित्र म्हणावा असा माणूस सत्तरी उलटल्यावर मिळाला. तसं ते कानिटकरांना कधी बोलले नाहीत. मालनबाईंना मात्र कळत होतं, कारण शुक्रवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट मागत.

मग एका शुक्रवारी आर आणि एल निघाले, आणि कानिटकरांनी 'रॅलिन' मांडला.

"दाखवा."

कानिटकरांनी डिक्शनरी घेतली. आरची पानं उलटली, मागं आले, पुन्हा पुढं गेले. लक्ष्मणराव हसण्याची वाट बघत होते. हसू आलं नाही. कानिटकरांच्या कपाळाला घाम आला होता. "होता हो इथं," ते म्हणाले, "मी वाचलाय." मग त्यांनी एलची पानं काढली आणि तिथंही तोच शब्द शोधायला लागले. थाप मारणारा माणूस असा शोधत नाही. खोटे साक्षीदार त्यांनी जन्मभर बघितले होते, त्यांना फरक कळत होता.

शेवटी कानिटकरांनी अक्षरं उचलली. त्या दिवशी ते लवकर घरी गेले. पुढच्या शुक्रवारी आणखी एक असा शब्द आला, मग दोन आले.

एका रविवारी कौस्तुभ मलकपेठेला लक्ष्मणरावांच्या घरी आला. याआधी तो कधी आला नव्हता. बसला, पाणी प्यायला, आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाला, "काका, बाबांना डिमेन्शिया आहे. विसरत जाणार ते. डॉक्टर म्हणतात, बरं होण्यासारखं नाही."

लक्ष्मणरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बाबांना आम्ही सांगितलेलं नाही. गोळ्या व्हिटॅमिनच्या आहेत म्हणून देतो. त्यांना कळलं तर ते खचतील. पण शुक्रवारी तुमच्याकडून घरी आले, की रात्री जेवत नाहीत, डिक्शनरी घेऊन बसतात. तुम्ही त्यांना सारखं दाखवा, दाखवा करता. तेवढं सोडून द्याल का?"

"खोटा शब्द चालू द्यायचा?"

"पाच अक्षरं तर आहेत काका." कौस्तुभचा आवाज फुटला. मोठ्या कंपनीतला, चार जणांवर हुकूम चालवणारा माणूस रुमाल शोधायला लागला.

तो गेल्यावर मालनबाई म्हणाल्या, "आयकाना जरा त्याचं. बापासाठी जीव तुटायलाय लेकराचा. तुमच्या एका शब्दानं कुणाला जेवण जाईना, तर काय करायचंय तो शब्द?"

लक्ष्मणरावांना ते पटलं. खरं तर पटलं नाही, पण कानिटकर उपाशी बसतात हे ऐकल्यावर आपलं पटणं-न पटणं त्यांना लाजिरवाणं वाटलं. त्यांनी गप्प बसायचं ठरवलं.

त्या शुक्रवारी एम आणि एन निघाले. पहिले काही शब्द सरळ गेले. मग कानिटकरांनी बराच वेळ चकत्या जुळवल्या आणि 'नॅमेट' मांडला.

लक्ष्मणरावांनी शब्दाकडं बघितलं. 'दाखवा'साठी जीभ दातांना लागली होती, ती त्यांनी तशीच धरून ठेवली. खाली कुणीतरी साड्यांचा भाव ओरडत होतं. त्यांनी चकत्यांत हात घातला आणि 'मनी' मांडायला सुरुवात केली.

कानिटकर त्यांच्याकडं बघत होते.

"दाखवा म्हणाला नाहीत."

"असंल की असा शब्द. मला काय सगळेच येतात?"

"बिराजदार, तुम्ही माझ्याकडून वॉटर शोधून घेतलाय."

लक्ष्मणरावांनी हातातली चकती टेबलावर ठेवली. कानिटकरांनी 'नॅमेट'वरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावर थांबत. "हा शब्द नाहीये ना?"

लक्ष्मणराव ठेवलेली चकती उलटसुलट करू लागले.

"कौस्तुभ आला होता तुमच्याकडे."

आता लक्ष्मणरावांना खोटं बोलता आलं असतं. नाही म्हणायचं, एवढंच. पण त्यांचे डोळे भरून आले, आणि तिथं सगळं संपलं. त्यांनी सांगून टाकलं. आजाराचं नाव सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, गोळ्या कशाच्या तेही सांगितलं. बोलताना ते कानिटकरांच्या तोंडाकडं बघू शकले नाहीत, टेबलावरच्या अक्षरांशी बोलत राहिले.

कानिटकरांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. पण घरात विचारलं की म्हणतात, काही नाही बाबा, वय झालं. सगळ्याला हो म्हणतात हो. परवा मी म्हटलं आज बुधवार, तर श्रुती म्हणाली हो. वर्तमानपत्रात शनिवार होता. मग मी कशाला धरून चालायचं? ही एकच जागा होती, जिथं माझं चुकलं तर कुणी चुकलं म्हणत होतं. आणि आज तुम्हीही."

"चुकलं माझं," लक्ष्मणराव म्हणाले.

"मग शब्द द्या. मी खेळतोय तोवर दाखवा म्हणायचं. मी विसरलो तरी, मी चिडलो तरी. आणि पुस्तक माझ्या हातातून घ्यायचं नाही. मला शोधू द्यायचं."

"दिला," लक्ष्मणराव म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "दाखवा."

कानिटकरांनी डिक्शनरी उघडली, शोधला, सापडला नाही, आणि 'नॅमेट' स्वतःच्या हातानं उचलला.

घरी जाऊन कानिटकरांनी मुलाला जाब विचारला असणार. दुसऱ्या दिवशी कौस्तुभचा फोन आला. "मी तुमच्यावर विश्वास टाकला होता काका," एवढंच तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका थंड होता, की त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर लक्ष्मणरावांना बरं वाटलं असतं. त्यानंतर कानिटकर मंडळात आले नाहीत. एकटं सोडणं धोक्याचं आहे, असं श्रुतीनं मालनबाईंना कळवलं. त्यात खोटं काही नव्हतंच.

लक्ष्मणराव शुक्रवारी जात राहिले. चकत्यांची पिशवी काढायची, समोर ठेवायची, वर्तमानपत्र वाचायचं आणि परत यायचं. आपण त्या माणसाला काय दिलं, या प्रश्नानं त्यांना पोखरलं. खरं सांगितलं, ठीक. पण खरं घेऊन त्यानं करायचं काय? ते खरंही तो विसरणारच होता. मग कळल्याचं दुःख तेवढं त्याच्या पदरात घातलं, आणि मित्रही गमावला. मालनबाई काही बोलत नव्हत्या, आणि त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांनाही हेच वाटतंय, असं त्यांनी धरून चाललं. इस्त्रीचा शर्ट मागायचं त्यांनी सोडून दिलं.

उन्हाळा गेला, पावसाळाही उलटला. दसऱ्यानंतर श्रुतीचा फोन आला.

"काका, बाबा दुपारी फार अस्वस्थ होतात. टेबलाशी जाऊन बसतात, समोर कुणी नाही म्हणून उठतात, पुन्हा बसतात. कुणाची वाट बघतायत ते त्यांनाही सांगता येत नाही. मला वाटतं, तुमची. याल का?"

"कौस्तुभ?"

"मी त्याच्याशी बोललेय. या तुम्ही."

लक्ष्मणरावांनी मंडळाकडून पिशवी मागून घेतली, आपली डिक्शनरी बगलेत मारली आणि सिकंदराबाद गाठलं. कौस्तुभनं दार उघडलं. त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. "या," म्हणाला, पण नजर दिली नाही.

कानिटकर वाळले होते. दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली, आणि त्या सगळ्याच्या आत माणूस कमी झालेला. लक्ष्मणरावांना बघून त्यांनी हात जोडले. "या साहेब. बसा." ओळख नव्हती. लक्ष्मणराव येऊन समोर बसले.

त्यांनी पिशवी पुढं केली. कानिटकरांनी हात घातला आणि दोन अक्षरं काढली. बी आणि के. हात विसरले नव्हते. लक्ष्मणरावांनी 'ब्लॅक' मांडला. कानिटकरांनी मान हलवली, चकत्या चाचपल्या, एक एक करून ओळीत लावायला लागले. बँकेतून रजा घेतलेली श्रुती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कौस्तुभनं लॅपटॉप मिटला होता.

कानिटकरांनी मोजून पाच अक्षरं मांडली. एका रेषेत, कडेला कड लावून. त्यात बी नव्हता, के नव्हता, तोंडानं उच्चारता येईल असा शब्दच नव्हता. मांडून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

लक्ष्मणरावांनी कौस्तुभकडं बघितलं. कौस्तुभनं हळूच मान हलवली. नको काका, जाऊ द्या. जाऊ देणं सोपं होतं. ज्याला शब्द दिला होता त्याला तो आठवत नव्हता, आणि आता दाखवा म्हणणं म्हणजे पडलेल्या माणसाला, तू पडला आहेस, म्हणून सांगणं. मालनबाई इथं असत्या तर त्यांनी शर्टाची बाही ओढली असती. लक्ष्मणरावांचं मन खरोखरच डळमळलं. मग त्यांनी कानिटकरांकडं बघितलं. कानिटकर आपल्या अक्षरांकडं बघत नव्हते. ते समोरच्या, नाव न आठवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघत होते, आणि थांबले होते.

"दाखवा," लक्ष्मणराव म्हणाले.

"काका, प्लीज," कौस्तुभ उठलाच. लक्ष्मणरावांनी मागं न बघता हात आडवा धरला.

कानिटकरांनी डिक्शनरी ओढून घेतली आणि उघडली. बोट ओळीवरून खाली जात होतं, पान संपलं की दुसरं. किती वेळ गेला, कुणी बघितलं नाही. त्या खोलीत त्या माणसाला कुणी मदत केली नाही, घाई केली नाही, गोड बोललं नाही. श्रुतीनं पदर तोंडावर धरला होता. कानिटकर शोधत राहिले. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"नाही," ते म्हणाले. "इथं नाही." आणि त्यांनी आपली अक्षरं एक एक करून उचलली. आवाज स्वच्छ होता. कित्येक महिन्यांत तो तसा निघाला नव्हता, असं श्रुतीनं नंतर सांगितलं.

मग त्यांनी मान वळवून मुलाकडं बघितलं. "कौस्तुभ," ते म्हणाले. नाव बरोबर आलं. "मला काही आठवत नाही का रे?"

विचारलेला जाब कानिटकर विसरून गेल्यापासून, तसं काही नाही बाबा, हे उत्तर त्या घरात पुन्हा तयारच असायचं. कौस्तुभच्या ओठांवरही ते आलं असावं. त्यानं लक्ष्मणरावांकडं बघितलं, टेबलावरच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, आणि वडिलांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला.

"हो बाबा," तो म्हणाला. "तुम्हाला आता आठवत नाही. आजार आहे तो. बरा नाही होणार."

कानिटकरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे ते खुर्चीत मागं टेकले.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "मला वाटत होतं, हे मला एकट्यालाच माहीत आहे."